अण्णांची कबुतरे आणि शिकलगार मॅडमचे खडे

शिकलगार मॅडमना मी पहिल्यांदा पाहिले तेव्हा त्यांच्या गळ्यात स्टेथोस्कोप होता आणि काखेत कोंबडी. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षातला प्राणिशास्त्राच्या प्रात्यक्षिकाचा तो पहिलाच तास. आम्ही मुली इस्त्रीचे पांढरे एप्रन घालून, कात्री-चिमट्याची नवी पेटी छातीशी धरून उभ्या होतो आणि या बाई कोंबडीला थोपटत आत आल्या. जनावरांच्या दवाखान्यातल्या कुणी डॉक्टर वाट चुकून आमच्या कॉलेजात शिरल्या, असे मला वाटले. तसे मी शेजारणीच्या कानात म्हणालेही. मंगळवार पेठेतल्या माणसाची कुजबुज शेजारच्या पेठेत ऐकू जाते, तेव्हा ती मॅडमनीही ऐकली.

"वाट चुकले नाही," त्या म्हणाल्या. "ये, तूच ये पुढं. हिच्या पोटात काय चाललंय ते ऐक."

त्यांनी स्टेथोस्कोप माझ्या कानांना लावला. आधी नुसती धडधड ऐकू आली; ती कोंबडीची की माझी ते कळेना. मग मॅडमनी नळीचे तोंड पिसांतून जरा खाली सरकवले आणि खरखर ऐकू यायला लागली. थांबून थांबून, लांबच्या घरात कुणी जाते ओढत असल्यासारखी. मी सगळा वर्ग दचकेल एवढ्या मोठ्याने ओरडले, "मॅडम, हिच्या पोटात खडे हायत की! आजारी हाय ही."

"आजारी नाही," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "जेवतीय."

डॉ. शमीम शिकलगार यांच्याशी झालेली ही माझी पहिली ओळख. पुढे मी त्यांची विद्यार्थिनी झाले, मग त्यांच्याच विभागात शिकवू लागले आणि त्या निवृत्त होईपर्यंत त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले. आता त्यांच्या पंचाहत्तरीच्या निमित्ताने निघणाऱ्या या ग्रंथासाठी लिही, असे संपादकांनी सांगितले. मी त्यांना आधीच बजावले की मला भांडता चांगले येते, गौरव तेवढा जमेलसे वाटत नाही. ते म्हणाले, "तुम्ही लिहा, आम्ही सांभाळून घेऊ." आता सांभाळा.

पक्ष्याला दात नसतात हे सगळ्यांना ठाऊक असते. पण मग ज्वारीचा अख्खा दाणा तो पचवतो कसा, हा प्रश्न आपण स्वतःला कधी विचारलेला नसतो. मॅडम शिकवायला सुरुवात करीत ती तिथूनच. दाणा आधी गळ्याखालच्या पिशवीत जाऊन भिजतो. पुढच्या जठरात त्याच्यावर पाचक रस पडतात. मग तो पेषणीत येतो. पेषणी म्हणजे कोंबडीच्या दुकानात कलेजीबरोबर आपण 'पेटा' म्हणून मागतो ती जाड स्नायूंची पिशवी. चरता चरता पक्षी मुद्दाम बारीक खडे टिपतो, ते या पिशवीत राहतात, आणि पिशवी आवळली की खड्याखड्यांत सापडून दाणा भरडला जातो. खडे झिजून बारीक झाले की पुढे निघून जातात आणि पक्षी नवे टिपतो. 'पक्ष्यांचे दात पोटात असतात आणि ते कधीच किडत नाहीत,' असे वाक्य मी मोठ्या ऐटीत जर्नलमध्ये लिहिले होते. मॅडमनी 'कधीच'खाली लाल रेघ ओढली आणि शेजारी लिहिले, 'झिजतात.'

ही लाल रेघ आमच्या कॉलेजात प्रसिद्ध होती. 'नेहमी', 'कधीच', 'सर्व' हे शब्द दिसले की मॅडमचे पेन थांबलेच. सर्व पक्षी खडे खातात असे कुणी लिहिले तर त्या विचारीत, "घारीनं कशाला खावेत? ती मांस खाते, तिला दळायचं काय आहे? पोपट दाणा सोलून खातो, त्याचंही खड्यावाचून अडत नाही." घुबड तर उंदीर गिळते आणि न पचलेल्या हाडाकेसांची गोळी करून तोंडावाटे टाकून देते. अशा गोळ्या गोळा करायला मॅडम सुट्टीच्या दिवशी एसटीने कुठेकुठे जात आणि त्या डब्यात भरून आणीत. त्यांचा जेवणाचा डबाही तसलाच. एकदा स्टाफरूममध्ये भुकेच्या भरात मी भलताच डबा उघडला. त्या दिवशी मी जेवले नाही, मॅडम मात्र पोट धरून हसल्या. बोलताना त्यांच्या तोंडी 'बहुतेक' हा शब्द इतका असे की आम्ही पोरी त्यांना चोरून 'बहुतेक मॅडम' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होते, बहुतेक.

या एका शब्दापायी त्यांनी माणसेही दुखावली. एक खाद्यविक्रेते आपल्या खड्यांच्या पिशव्या घेऊन कॉलेजात आले होते. 'प्रत्येक कोंबडीला आवश्यक' असे मॅडमच्या नावाने पिशवीवर छापायची परवानगी त्यांना हवी होती. मॅडम म्हणाल्या, "मोकळी चरणारी कोंबडी आपले खडे आपण शोधते. पिंजऱ्यातली भरडलेलं खाद्य खात असेल, तर तिला खड्यांची फारशी गरज नाही. अख्खं धान्य खाणाऱ्या कोंडलेल्या पक्ष्याला लागतात. हे सगळं छापणार असाल तर नाव घाला." गृहस्थ म्हणाले, एवढे पिशवीवर मावणार नाही. "मग पिशवी मोठी करा," मॅडम म्हणाल्या. त्यांनी पिशवी मोठी केली नाही आणि मॅडमचे नावही घातले नाही.

त्यांचे वडील सायकलवर धार लावायचे चाक बसवून गल्लोगल्ली सुऱ्या-कात्र्यांना धार लावीत. मॅडम ते जसे लपवीत नसत तसे मिरवीतही नसत. पहिल्या दिवशी आमच्या पेट्यांतल्या नव्याकोऱ्या कात्र्या त्यांनी एकेक करून कागदावर चालवून पाहिल्या, तोंड वाकडे केले आणि सगळ्या गोळा करून घरी नेल्या. दुसऱ्या दिवशी त्या कात्र्या परत आल्या तेव्हा आमचे एप्रनसुद्धा त्यांच्याजवळ जायला भीत होते. नेसरीहून आलेली एक मुलगी होस्टेलच्या जेवणाला कंटाळून अर्धपोटी वर्गात यायची. मॅडमनी तिला काही विचारले नाही. रोज डबा खाताना तिला समोर बसवून घ्यायच्या आणि ती भराभर गिळायला लागली की म्हणायच्या, "तुला दात दिलेत ना देवानं? मग चावून खा. पोटात खडे नाहीत तुझ्या." ती मुलगी आज स्वतः शिकवते आणि आपल्या विद्यार्थिनींना हेच म्हणते, असे तिनेच मला सांगितले.

पण मॅडम आमच्या घरच्या झाल्या त्या वर्गातून नव्हे, कबुतरांच्या ढाबळीतून. आता तेच सांगते, कारण हा लेख खरे तर त्यासाठीच लिहिला आहे.

माझे वडील शामराव, ज्यांना सगळी पेठ अण्णा म्हणते, कबुतरांचे वेडे. उंच उडणारी कबुतरे पाळायची आणि कुणाचे जास्त वेळ आभाळात राहते त्याच्या स्पर्धा खेळायच्या, हा त्यांचा जन्माचा नाद. या नादातले त्यांचे जोडीदार दस्तगीरचाचा. दोन गल्ल्या पलीकडे त्यांचे मोटारींच्या सीट शिवायचे दुकान आणि दुकानाच्या माडीवर ढाबळ. स्पर्धेत दोघे एकमेकांचे तोंड पाहत नसत, पण कबुतरांसाठी ज्वारीचे पोते आणायचे ते दोघांत मिळून एक. चाचांच्या दारात ते फोडायचे आणि निम्मे निम्मे करायचे. ही रीत माझ्या जन्माआधीपासूनची.

मी दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आम्ही घर नव्याने बांधले. जुन्या ढाबळीला पांढऱ्या मातीची भिंत होती, खाली विटांचे तुकडे पडलेले असत. आता गच्चीवर गुळगुळीत फरशी आली, स्टीलच्या वाट्या आल्या. आई म्हणाली, "आपण चांगल्या घरात आलो, मग कबुतरांनी काय घोडं मारलंय?" तिने घरच्या ज्वारीसारखी कबुतरांची ज्वारीही चाळून, पाखडून, निवडून द्यायला सुरुवात केली. माझ्या आईने निवडलेल्या धान्यात खडा सापडणे म्हणजे अमावास्येला चंद्र दिसणे. आमच्या घरी भाकरी कधी कचकचली नाही, हे मॅडमनी लाल रेघ ओढली तरी मी पुसणार नाही.

दिवाळीच्या सुमारास कबुतरे वाळू लागली. दिवसभर खायची, पण हातात घेतले की छातीचे हाड बोटाला लागे. विष्ठेत ज्वारीचे दाणे अख्खेच्या अख्खे दिसत. मग एक मेले आणि पाठोपाठ दुसरेही. स्पर्धा तोंडावर आलेली. आणि दोन गल्ल्या पलीकडे, त्याच पोत्यातली ज्वारी खाऊन चाचांची कबुतरे आभाळात ठिपक्याएवढी होऊन घुमत होती.

"पोतं एक," अण्णा म्हणाले. "त्याची ठणठणीत आणि माझी मरत्यात. मग वाटताना माझ्या वाटणीत काय पडलं?"

"असं बोलू नकासा," आई म्हणाली. "दस्तगीरभावजी असलं करतील व्हय?"

घरात बोलले असते तर घरात राहिले असते. अण्णा ते चहाच्या टपरीवर बोलले, आणि आमच्या अण्णांना हळू बोलता येत नाही. संध्याकाळी चाचा आमच्या दारात येऊन उभे राहिले. उंबऱ्याच्या आत पाऊल टाकले नाही.

"शाम्या, मी तुझ्या कबुतरांना ईख घातलं म्हणालास?"

ईख म्हणजे विष. अण्णा हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. "माझी कबुतरं मरत्यात," एवढेच म्हणाले. चाचा आल्या पावली परत गेले. त्या दिवसापासून दोघांचे बोलणे तुटले. एवढ्यावर थांबते तरी चालले असते. पण या भांडणाला वेगळाच रंग द्यायला टपून बसलेली तोंडेही गावात असतात, आणि त्यांना कबुतरांशी काही देणेघेणे नसते. अण्णांचे एक वाक्य चार ठिकाणी फिरून दसपट होऊन त्यांच्याच कानावर यायला लागले. कधी ओळख न देणारी माणसे घरी येऊन "आम्ही तुमच्या पाठीशी आहोत" म्हणू लागली. अण्णा त्यांना चहा पाजत आणि ते गेल्यावर गच्चीवर जाऊन एकटे बसत. माझे वडील घाबरलेले मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

मी प्रयोगशाळेत मॅडमसमोर रडले. मॅडमनी मला पाणी दिले आणि दोनच गोष्टी विचारल्या. विष्ठेतले दाणे अख्खे आहेत का? आणि मेलेले कबूतर अजून ठेवलेले आहे का? त्याच दुपारी त्यांची मोपेड आमच्या दारात थांबली.

"मॅडम, पावणं म्हणून या, चहा घ्या," अण्णा म्हणाले. "पण कबुतरातलं मला शिकवू नका."

"नाही शिकवत. मला दाखवा," मॅडम म्हणाल्या.

दाखवा म्हटल्यावर अण्णा विरघळलेच. कुठले कबूतर कुणाच्या पोटचे, कुठले किती चिवट, हे सांगता सांगता चहा थंड झाला. मग मॅडमनी मेलेले कबूतर मागून घेतले आणि गच्चीवर वर्तमानपत्र पसरून त्याची पेषणी उघडली. आत भिजलेली अख्खी ज्वारी होती आणि झिजून मोहरीएवढा झालेला एक खडा.

"विष?" अण्णांनी विचारले.

आता इथे कुणीही शहाण्या माणसाने "छे छे, विष कसलं!" म्हणून टाकले असते. मॅडम म्हणाल्या, "विष नाही, असं मी छातीठोक सांगू शकत नाही. त्याची तपासणी वेगळी असते. पण हे विषासारखं दिसत नाही. बहुतेक दुसरंच काही आहे." मला मॅडमचा त्या क्षणी भयंकर राग आला. जन्माचे मैतर तुटायला आले आहेत आणि या बाई 'बहुतेक' म्हणतात! आज कळते की त्यांनी तेव्हा खोटा दिलासा दिला असता, तर पुढचे त्यांचे काहीच अण्णांनी खरे मानले नसते.

"आपण एक करू," मॅडम म्हणाल्या. "तुमचं एक कबूतर ऐकू आणि त्यांचं एक ऐकू."

"मी त्याच्या दारात पाय ठेवणार न्हाय."

"तुम्ही नका येऊ. तुमचं कबूतर माझ्याकडं द्या, मी घेऊन जाते."

अण्णांनी कबूतर छातीशी घट्ट धरले. "माझं कबूतर मी परक्या हातात देत न्हाय."

"मग काय करू या?" मॅडमनी अगदी भोळेपणाने विचारले.

तर अशी आमची वरात निघाली. पुढे गळ्यात स्टेथोस्कोप घातलेल्या मॅडम, मधे दोन्ही हातांत कबूतर धरलेले अण्णा, मागे मी. पेठेतली माणसे दारात येऊन बघत होती. चाचा दुकानात शिवणयंत्रावर बसले होते. त्यांनी आधी मॅडमकडे पाहिले, मग अण्णांच्या हातातल्या कबुतराकडे, अण्णांकडे पाहिलेच नाही. मॅडमनी काय हवे ते सांगितल्यावर ते मुकाट्याने उठले आणि आम्हाला माडीवर घेऊन गेले.

चाचांच्या ढाबळीत एका कोपऱ्यात भरड वाळूचा ढीग होता. त्यांचे साडू कुरुंदवाडला राहत. ते येताना नदीकाठची वाळू आणून टाकीत. चाची ज्वारी निवडत बसत नसत. पोत्यातून ओंजळ काढायची आणि तशीच जमिनीवर फेकायची. मॅडमनी चाचांचे कबूतर मागितले, चाचांनी ते स्वतःच धरले, आणि मॅडमनी स्टेथोस्कोप अण्णांच्या कानांना लावला.

अण्णा बराच वेळ ऐकत राहिले. "खरखर हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी स्वतःचे कबूतर ऐकले. नळी इकडे सरकवून पाहिली, तिकडे सरकवून पाहिली. "ह्यात न्हाय. म्हंजे हलतंय काहीतरी, पण मऊ हाय."

"पोतं एक," मॅडम म्हणाल्या. "मग फरक कुठं पडला?" त्या खाली बसल्या, चाचींनी फेकलेल्या ज्वारीतली चिमूटभर उचलून त्यांनी तळहातावर पसरली. चार दाण्यांत एक खडा होता. "तुमच्या घरी हे कोण काढतं?"

"मंडळी निवडती," अण्णा म्हणाले. "एक बी खडा ऱ्हाऊ देत न्हाय." आणि बोलता बोलता थांबले.

"आणि गच्चीवर फरशी घातलीत. माती नाही, वीट नाही, टिपायला काही नाही. पक्ष्यानं दळायचं कशानं?" मॅडम उठून उभ्या राहिल्या. "त्यांनी तुमच्या वाटणीत काही घातलं नाही, शामराव. तुम्हीच त्यातलं काढलंत."

आणि मग, कुणी मागितलेले नसताना, पुढे म्हणाल्या, "बहुतेक. खडे देऊन बघा. सुधारली, तर तेच समजायचं. पण एकदम घमेलंभर ठेवू नका. उपाशी माणूस ताटावर तुटून पडतो तशी ती खड्यांवर पडतील आणि पोट गच्च होऊन मरतील. आधी चिमूटभर, मग मूठभर."

अण्णांचे तोंड उघडे आणि मिटे. मी मनातल्या मनात म्हणत होते, म्हणा, अण्णा, म्हणा. एक शब्द तर म्हणायचा आहे. शेवटी चाचाच उठले. त्यांनी पत्र्याचा एक डबा घेतला, ढिगातली वाळू दोन्ही हातांनी चाळून भरली, वर विटेचा चुरा टाकला आणि तो अण्णांपुढे धरला.

"मॅडमनी सांगितलंय तसं दे," ते म्हणाले. "तुझी घाई मला ठावं हाय."

अण्णांनी कबूतर एका हातात घेतले आणि दुसऱ्या हाताने डबा धरला. "येतो," म्हणाले.

"ये," चाचा म्हणाले.

एवढेच. पण गावातल्या टपलेल्या तोंडांची हवा त्या पत्र्याच्या डब्याने काढून घेतली. अण्णा तो डबा घेऊन भर बाजारातून, सगळ्यांना दिसेल असे चालत घरी आले. कोण काय घेऊन आलात म्हणून विचारी, त्याला सांगत, "दस्तगीरनं दिलंय."

घरी हे कळल्यावर आई मटकन खाली बसली. "म्हंजे मीच मारली की गं ती," म्हणाली. मॅडम चपला घालून निघाल्या होत्या, त्या परत आत आल्या आणि आईशेजारी जमिनीवर बसल्या. "तुम्ही त्यांना घरच्या माणसांसारखं जेवू घातलंत," त्या म्हणाल्या. "ती माणसं नाहीत, एवढंच झालं. निवडणं सोडू नका. निवडून काढलेले बारीक खडे मात्र टाकू नका, वाटीत ठेवा. ते कबुतरांचे." तेव्हापासून आई निवडायला बसली की तिच्याजवळ ती वाटी असते. आपण काढून टाकतो त्याचाही कुणाला उपयोग असतो, हे तिला फार आवडले. आलेल्या-गेलेल्याला ती हे अजून सांगते.

कबुतरे हळूहळू भरली. दोन-तीन गेलीच, खोटे कशाला सांगू. त्या वर्षी अण्णांनी स्पर्धेत कबूतर उतरवले नाही. चाचांच्या माडीवर बसून चाचांचे कबूतर आभाळात शोधत राहिले. पुढचे पोते पुन्हा चाचांच्या दारात फुटले आणि निम्मे निम्मे झाले. सगळे पहिल्यासारखे झाले, फक्त तो एक शब्द बोलायचा राहिला. अण्णा तो बोलले नाहीत आणि चाचांनी कधी मागितला नाही. इतकी वर्षे लग्नकार्ये झाली, बारशी झाली, दुखणीखुपणी झाली, पण तेवढे राहूनच गेले.

या लेखाचे मी अण्णांना सांगितले. आता त्यांचे गुडघे गेले आहेत, गच्चीवर मोजकीच कबुतरे उरली आहेत. अण्णा म्हणाले, "मॅडमवर लिहितीस तर त्यात तेवढं घाल. मी दस्तगीरला चुकलो म्हणालो न्हाय. पुस्तकात छापून येऊ दे. म्हंजे झालं."

मी मॅडमना फोन केला. त्यांना गहिवरून येईल, अशी माझी कल्पना.

"गौरवग्रंथ कोण वाचतं गं?" मॅडम म्हणाल्या. "लोक आपलं नाव कुठल्या पानावर आहे तेवढं बघतात आणि कपाटात ठेवतात. त्यांना म्हणावं, आधी जाऊन सांगा. मग छापा."

मी तो निरोप शब्दशः पोचवला. दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णांनी टोपी घातली आणि मला म्हणाले, "चल." दोन गल्ल्यांचे अंतर, पण वाटेत तीनदा थांबलो. चाचा दुकानाबाहेर स्टुलावर ऊन खात बसले होते. अण्णा त्यांच्यासमोर काठी टेकून उभे राहिले.

"दस्तगीर, त्या टायमाला मी चुकलो."

"काय?" चाचा म्हणाले.

"चुकलो म्हटलं."

"ऐकू येईना. जोरात बोल की."

अण्णांनी इकडेतिकडे पाहिले, श्वास घेतला आणि ओरडले, "चुकलो रं माझ्या बापा, चुकलो!"

अख्खी गल्ली थांबली. समोरच्या दुकानातला माणूस बाहेर आला. चाचा स्टुलावरून उठले.

"हां," ते म्हणाले. "त्या टायमाला बी तू असाच गावाला ऐकू जाईल असा बोलला होतास. आता फिट्टंफाट. चल, च्या पिऊ." आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "पोरी, छाप आता. आणि माझ्या कबुतराच्या पोटात खरखर होती, ते बी छाप."

दस्तगीरचाचांचे कान माझ्यापेक्षा तल्लख आहेत, हे जाता जाता नोंदवून ठेवते. दोघे म्हातारे एकमेकांच्या खांद्यावर हात टाकून त्याच टपरीकडे निघाले, आणि मी मागे उभी राहून भर रस्त्यात रडले. मॅडमना पुन्हा फोन केला, तर त्या नुसत्या "बरं झालं" म्हणाल्या आणि बराच वेळ फोन ठेवीनात.

मॅडम, हा लेख छापण्याआधी तुमच्याकडे आला तर तुम्ही लाल पेन घेऊन बसाल, हे मला ठाऊक आहे. मी लिहिलेले 'सगळे', 'कधी', 'नेहमी' खुशाल खोडा. पण पुढच्या वाक्याला हात लावायचा नाही. तुम्ही शंभर वर्षे निरोगी जगणार आहात, तुमच्या दातांनिशी. यात 'बहुतेक' नाही. चूक निघालीच, तर तुमच्या शंभरीला मी लाल पेन घेऊन तुमच्या दारात हजर होईन आणि तुम्हीच माझ्या वाक्याखाली रेघ ओढा.